पिंपरी ते कोइमतूर, टेल्कोवाल्या काकांबरोबर

शुक्रवार : पुणे ते कोल्हापूर

चिंचवडहून पहाटे साडेपाचला निघालो. नवले पूल सातच्या आत मागे पडला तर पुढच्या दिवसाला काही अर्थ राहतो. गाडी माझी नेहमीची, 2017 ची पोलो जीटी टीडीआय. दीड लिटरचं डिझेल, 110 पीएस ताकद, 250 न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर. सनरूफ नाही, दारात निळे-जांभळे दिवे लागत नाहीत, सीटमधून गार वारा येत नाही. चाकणला बनणारी ही गाडी कंपनीने 2022 मध्ये बंद केली. तिचं डिझेल इंजिन त्याच्याही आधी गेलं, एप्रिल 2020 मध्ये बीएस-सिक्स हे धुराचे कडक नियम लागू झाले तेव्हाच. एवढ्याशा इंजिनाला काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर आणि बाकीचा सरंजाम लावायचा तर किंमत इतकी चढते की पेट्रोलवालीशी हिशेब जुळेना. मारुतीनेही त्याच वेळी डिझेलला रामराम केला. तेव्हापासून असली गाडी असणारे लोक एकमेकांना हायवेवर डिपर देऊन ओळख दाखवतात. मीही देतो.

शेजारी काका. त्यांची सगळी नोकरी पिंपरीच्या ट्रकच्या असेंब्ली लाइनवर गेली. 2003 मध्ये कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, पण काकांच्या तोंडी ते अजून बसलेलं नाही. ते आजही ‘टेल्को’च म्हणतात आणि ‘आमच्यात’ म्हणाले की तेव्हाही टेल्कोच समजायचं. डिसेंबरातली थंडी होती, कोइमतूरचं कार म्युझियम बघायचं मनात होतं, आणि काकूने ‘यांना घेऊन जा कुठेतरी’ असं दोनदा सुचवलं होतं.

खंबाटकीच्या चढाला काकांचा अभ्यास सुरू झाला. मी गाड्या बघतो, काका ट्रक बघतात. डाव्या लेनमध्ये धापा टाकत चाललेल्या टेल्कोच्या एका जुन्या 407 ट्रककडे बोट दाखवून म्हणाले, “ही बघ. हिच्यावर एक भाषण होऊ शकतं.” आणि केलंच. ऐंशीच्या दशकात हलक्या ट्रकच्या बाजारात एकदम चार जपानी जोड्या उतरल्या: डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी. सगळ्यांना वाटलं, टेल्कोचा बाजार उठला. टेल्कोने परदेशी कंपनीचा हात न धरता 1986 मध्ये 407 काढली. त्या चार जोड्यांपैकी एकही आज त्या रूपात शिल्लक नाही आणि 407 अजून नवी विकत मिळते.

“का टिकली माहितीय? जपानी गाड्या जास्त गुळगुळीत होत्या, मी चालवल्यात. पण आपला माणूस अडीच टनाच्या गाडीत पाच टन भरणार, हे मुळगावकरसाहेबांना माहिती होतं. जपान्यांना ते कुणी सांगितलं नाही.”

सुमंत मुळगावकर. सुमोचं नाव त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून घेतलंय, हे आता पोराटोरांनाही माहीत आहे. पण काकांनी त्यांना शॉप फ्लोअरवर पाहिलेलं, त्यामुळे नुसतं ‘मुळगावकर’ म्हटलेलं त्यांना चालत नाही, ‘साहेब’ लावावं लागतं.

साताऱ्याला चहाला थांबलो. बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून 1975 मध्ये इथे महाराष्ट्र स्कूटर्स काढली. प्रिया स्कूटर इथली. किक मारण्याआधी ती अंगावर तिरकी करून धरायची हे ज्याच्या हाताला आठवतं, त्याला वय विचारायची गरज नाही. त्याच गावात कूपर इंजिनांची परंपरा 1922 पासूनची. साताऱ्याचं कौतुक कंदी पेढ्यावर संपवणाऱ्यांना हे सांगायला मला फार आवडतं.

कराडच्या अलीकडे सहापदरीकरणाच्या कामाने रस्त्याची पार वाट लावलीय. डायव्हर्जन, परत डायव्हर्जन, मग सर्व्हिस रोड, मग पुन्हा वर. त्यात उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टरच्या नावाने शून्य, आणि टेपवर गाणं एवढ्या मोठ्याने की हॉर्न ऐकू जाणं शक्य नाही. नव्या गाड्यांत आपोआप ब्रेक मारणारी, लेन सोडली की स्टिअरिंग ओढणारी ॲडास यंत्रणा असते. माझ्या मित्राच्या गाडीत आहे. या पट्ट्यात तो ती बंद करतो, कारण रस्त्यावर जुने पांढरे पट्टे एकीकडे, नवे दुसरीकडे आणि बॅरिकेड तिसरीकडे. यंत्राने कुणाचं ऐकायचं? सहा एअरबॅग आणि धडक चाचणीतले भारत एनकॅपचे तारे हवेतच, त्यावर माझं दुमत नाही. पण ॲडाससाठी वरचं मॉडेल घेणाऱ्याने आधी आपला रोजचा रस्ता आठवावा.

ऊस दिसला की आता इथेनॉल आठवतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि त्यावरून घराघरात भांडणं आहेत. साधी गोष्ट आहे: इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे वीस टक्के मिसळल्यावर ॲव्हरेज थोडं पडणारच. इंजिन उडून पडेल ही अफवा आणि काहीच फरक पडत नाही ही जाहिरात. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील मात्र तपासून घ्याव्यात. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्याला साधं पेट्रोल हवंय त्याला ते मिळायची सोय ठेवायला हवी होती, आणि मिसळलेलं स्वस्त द्यायला हवं होतं. काका म्हणाले, “तुझी तर डिझेल आहे, तुला काय?” बरोबर आहे, पण बायकोची पेट्रोल आहे.

दुपारी कोल्हापूर. जेवण झाल्यावर काकांच्या ओळखीने शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गेलो, आणि खरं सांगायचं तर सगळ्या प्रवासात मला सगळ्यात जास्त आवडलेली जागा ही. कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा आणि कुस्ती हे ठीक, पण देशातल्या कितीतरी गाड्यांचं, ट्रॅक्टरचं, पंपांचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, इथे ओतलं जातं. उद्यमनगरच्या गल्ल्यांतून सुरू झालेला हा धंदा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत पसरलाय.

आत गेलं की आधी वास लागतो, भाजलेल्या मातीचा आणि कोळशाच्या भुकटीचा. वाळूत बेंटोनाइट माती, ती भुकटी आणि पाणी कालवून साचे दाबतात. आम्ही गेलो तेव्हा सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, ओतायचं काम चालू होतं. हेडमधून पाणी खेळायला पोकळ वाटा लागतात. त्या पोकळ्यांच्या आकाराचा वाळूचाच एक ठोकळा, म्हणजे कोअर, वेगळा भाजून साच्यात अलगद बसवतात. कोअर बसवणाऱ्या बाईंचा हात मी बराच वेळ बघत होतो. बोटांनी कडा चाचपायची, तोंडाने फुंकर मारून सुटी वाळू उडवायची, मग दोन्ही हातांनी तो नाजूक प्रकार खाली ठेवायचा. एक कण इकडेतिकडे झाला तर पुढे कुणाच्या तरी गाडीत पाणी तेलात मिसळणार. मग इंडक्शन भट्टीतून चौदाशे अंशांच्या पुढचा रस पळीत येतो, पांढरट-पिवळा, आणि साच्यात जातो. थंड झालं की ठोकून वाळू झाडायची. आतली कोअरची वाळूही भुगा होऊन त्याच वाटांनी बाहेर पडते आणि मागे पोकळी राहते. इंजिनाचे आकडे तोंडपाठ असणारे आम्ही लोक ही पोकळी कुणी केली याचा विचार कधी करत नाही.

मालकांना मी ईव्हीचं विचारलं. इलेक्ट्रिक गाडीत ब्लॉक नाही, हेड नाही, फ्लायव्हील नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. मोटरची घरं बहुतेक ॲल्युमिनियमची. ते हसले. म्हणाले, “ब्रेक तर लागतील न्हवं? आणि ट्रॅक्टर काय उद्याच बॅटरीवर जातोय व्हय?” पण चहा पिताना सांगितलं, की पुढच्या पिढीला त्यांनी ॲल्युमिनियमचं काम शिकायला पाठवलंय.

शनिवार : कोल्हापूर ते चित्रदुर्ग

सकाळी मिसळ. कुठली, ते सांगणार नाही, त्यावरून भांडणं होतात.

कोल्हापूरच्या राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी दसऱ्याला दसरा चौकात येते. तेवढा एक दिवस ती बघायला शौकीन लोक मुद्दाम येतात. मी पूर्वी पाहिलीय. आजच्या मेबॅकचे फोटो लोक मोबाइलवर सरकवत बसतात, पण ती जुनी डोळ्यांसमोरून गेली की तिचा बोजा कळतो. असो. दसरा नव्हता, म्हणून आम्ही निघालो.

निपाणी गेली, बेळगाव आलं. बेळगावात गाडी वळवून किर्लोस्कर रोडवरून एक फेरी मारली, निव्वळ हौस म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये या गावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी हात लावेनात. 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे आत्ता सांगतोय कारण हे नाव उद्या बंगळूरजवळच्या बिदडीत पुन्हा भेटणार होतं. टपरीवर चहावाला आमच्याशी मराठीत, शेजारच्याशी कन्नडमध्ये आणि गाडीचा नंबर बघून पुन्हा मराठीत बोलला. “पोलो का? बंद केली ना ती? वाईट केलं.” माणूस भला होता.

धारवाडला टाटांचा कारखाना रस्त्यावरूनच दिसतो. ब्राझीलच्या मार्कोपोलोबरोबर 2006 मध्ये भागीदारी झाली, पुढे ब्राझीलवाले बाहेर पडले, पण बसवर नाव राहिलं. इथे बसवर आमची तासभर चर्चा झाली. माझं म्हणणं असं, की भारतीय प्रवाशाचं आयुष्य कुठल्याही कारपेक्षा व्हॉल्वोच्या बी-सेव्हन-आर बसने जास्त बदललं. 2001 च्या सुमारास ती आली तोवर आपल्याकडची ‘लक्झरी’ म्हणजे ट्रकच्या चासीवर, खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसवलेला डबा होता. इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या मांडीला भाजतंय, मागे बसणारा उडतोय. इंजिन मागे गेलं, खाली हवेचं सस्पेन्शन आलं, आणि मुंबई-बंगळूर रात्रीत झोपून जाता येऊ लागलं. आज कुठल्याही एसी बसला लोक व्हॉल्वोच म्हणतात.

काकांना हे पटत नव्हतं. “आणि एसटी? दापोडीच्या वर्कशॉपात आमच्याच चासीवर बॉडी बांधायचे. लाल डबा म्हणून हसता, पण 1948 पासून गावात कोण गेलं? तुझी व्हॉल्वो गेली आमच्या गावाला?” याला उत्तर नाही. गेली नाही.

ट्रकच्या केबिनमध्ये ऑक्टोबर 2025 पासून एसी सक्तीचा झाला, हेही काकांनीच काढलं. त्यांच्या काळी निम्मे ट्रक नुसतं बॉनेट आणि काच लावून बाहेर पडायचे. उरलेली केबिन बाहेर सुतार बांधायचा, लाकडाची. त्यात बसून माणूस कोलकात्याला जायचा. “एसी म्हणजे लाड नाही,” ते म्हणाले. “त्या केबिनमध्ये मे महिन्यात एकदा बस, मग सनरूफवर बोल.” मी सनरूफबद्दल काही बोललोच नव्हतो, पण त्यांना माझे विषय माहीत आहेत. आणि खरंच, आपल्या उन्हात आणि धुळीत सनरूफ म्हणजे मुलांना बाहेर उभं करून फोटो काढायची खिडकी. धोक्याची आहे, बेकायदाही आहे, तरी गाडी खपते त्यावरच.

हुबळी-धारवाडचा बायपास बरीच वर्षं दोनच पदरी होता आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. आता रुंदीकरणाच्या खुणा दिसतात. त्यापुढे रस्ता इतका सरळ आणि मोकळा की पाचव्या गिअरमध्ये टाकून विसरून जावं. अडचण एकच: ट्रक उजव्या लेनमध्ये. काकांच्या मते चूक रस्त्याची आहे, डावी लेन दुचाक्या, बैल आणि उलट येणाऱ्यांनी भरलेली असल्यावर लोड गाडीने सारखे ब्रेक कुठे मारायचे.

दावणगेऱ्याला बेण्णे दोसा. लोणी एवढं, की बोटांनी स्टिअरिंग धरायच्या आधी दोनदा हात धुतले. संध्याकाळी चित्रदुर्ग, डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांची रांग.

रविवार : चित्रदुर्ग ते म्हैसूर

तुमकूरपर्यंत बोलण्यासारखं काही नाही. दिसल्या त्या टॅक्स्या. दहातल्या निदान पाच पांढऱ्या डिझायर, दोन-तीन अर्टिगा, बाकी इनोव्हा. डिझायरची शेपूट तोडलेली दिसते त्याचं कारण 2006 च्या अर्थसंकल्पात आहे. चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाडीला कर कमी. झालं, इंजिनीअर फूटपट्टी घेऊन बसले. 2008 मध्ये इंडिगो सीएस आली, 2012 मध्ये डिझायर कापली गेली, आणि पुढे आख्खी कॉम्पॅक्ट एसयूव्ही नावाची जमात याच एका रेघेतून जन्मली. बहुतेकींची लांबी 3995 मिलिमीटर असते, बघा कधी. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला तरी ती रेघ पुसली नाही. आतल्या गाड्यांना 18 टक्के, बाहेरच्यांना 40. आमची पोलो 3971. करासाठी कापावी लागली नाही, मुळातच तेवढी.

नेलमंगलाच्या पुढे नाइस रोडवर चढून बंगळूर बाहेरूनच टाळलं आणि बिदडीला आलो.

बिदडी म्हणजे टोयोटा किर्लोस्कर. बेळगावच्या सायकल दुकानदाराचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाला इथे आणलं, 1997 मध्ये कंपनी झाली. क्वालिस 2000 च्या सुरुवातीला बाजारात आली. आम्ही गाडीवेडे तेव्हा हसलो होतो. इंडोनेशियातली जुनी कियांग, चौकोनी खोका, 2.4 लिटरचं रडकं डिझेल, 75 घोड्यांची ताकद. हिला कोण घेणार? टॅक्सीवाल्यांनी घेतली. ती बिघडेचना. आणि 2005 मध्ये, ती जोरात चाललेली असताना, टोयोटाने ती स्वतःहून बंद केली आणि इनोव्हा आणली. लोक म्हणाले वेड लागलंय. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

माझं ठाम मत असं, की मासिकातला रिव्ह्यू वाचण्याआधी टॅक्सी स्टँडवर जावं. तिथे चौथ्या वर्षी, तीन लाख किलोमीटरनंतर जी गाडी उभी असते तीच कंपनीची खरी माहितीपुस्तिका. डॅशबोर्ड कडक की मऊ, हे आम्ही नखाने दाबून बघतो. टॅक्सीवाला बघतो, की क्लच किती चालला आणि पार्ट शिरूरला मिळतो का. बिदडीच्या टपरीवर एका इनोव्हा क्रिस्टावाल्याला नव्या इनोव्हा हायक्रॉसबद्दल विचारलं. गाडी उत्तम, हायब्रिड, शांत, ॲव्हरेज सुंदर, असं त्याने स्वतःच सांगितलं. “मग घेणार?” “नहीं साब. डिझेल क्रिस्टा मिलती है तब तक यही.” पुढची चाकं ओढणारी, वेगळी चासी नसलेली मोनोकॉक नको, शिडीच्या चासीवरची मागून ढकलणारी हवी. लग्नाची आठ माणसं आणि टपावर सामान, हा त्याचा टेस्ट ड्राइव्ह.

विक्रम किर्लोस्कर नोव्हेंबर 2022 मध्ये गेले, हायक्रॉस लोकांसमोर आली त्याच महिन्यात.

पुढचा बंगळूर-म्हैसूर हायवे 2023 च्या मार्चमध्ये सुरू झाला. सुरुवातीला इतके अपघात झाले की ऑगस्टपासून दुचाक्या आणि रिक्षा बंद केल्या, जागोजागी कॅमेरे लावले. आता सगळे शंभरवर शहाण्यासारखे चालतात. म्हणजे आपल्याला येतं, कॅमेरा हवा फक्त. श्रीरंगपट्टणजवळ ‘पयण’ नावाचं संग्रहालय आहे, धर्मस्थळच्या वीरेंद्र हेगडे यांच्या संग्रहातल्या गाड्यांचं. तासाभरात बघितलं. छान आहे, पण माझी भूक कोइमतूरसाठी राखलेली होती.

म्हैसुरात मात्र यादवगिरीत गेलो. इथे आयडियल जावाचा मोटरसायकलचा कारखाना होता, 1961 पासून 1996 पर्यंत. कारखाना आता फक्त लोकांच्या बोलण्यात आहे, पण गल्लीत एक येझदी स्टँडवर उभी दिसली आणि काका न विचारता तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. मालक बाहेर आला, भाषा जुळेना, तरी दोघांचं चांगलं जमलं. जावा-येझदीची खुबी म्हणजे किक आणि गिअर एकाच दांड्यावर. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, सुरू झाली की तोच पुढे पाडला की गिअर लिव्हर. मालकाने काकांना किक मारू दिली. दुसऱ्या किकेला दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर आणि तो टण् टण् आवाज. टू-स्ट्रोक गेलं ते योग्यच झालं, धूर भयंकर होता. हे मी त्या धुरात उभं राहून, मोबाइलवर रेकॉर्डिंग करत म्हणालो.

सोमवार : म्हैसूर ते कोइमतूर

नंजनगूड, चामराजनगर, मग सत्यमंगलमचं जंगल आणि दिंबम घाट. सत्तावीस हेअरपिन. वाघांचं राखीव क्षेत्र असल्याने रात्री वाहतूक बंद असते, म्हणून पहाटे फाटकापाशी लॉऱ्यांची रांग लागते. आम्ही मुद्दाम उशिरा निघालो. या पट्ट्यात हत्ती उसाच्या लॉऱ्या अडवून ऊस ओढून खातात. आम्हाला हत्ती दिसला नाही, रस्त्यावर सांडलेली उसाची कांडकी दिसली, आणि काकांनी लगेच काच वर केली.

घाट उतरताना प्रत्येक वळणाला नंबर लिहिलाय. वरून खाली येणारी लोड लॉरी वळण एका दमात घेऊ शकत नाही, थोडी मागे घेऊन पुन्हा काढते, आणि तोवर आपण थांबायचं. क्लीनर उतरून हात करतो. इथे पोलोला सेकंड गिअर पुरला. ब्रेकवर पाय जवळजवळ नाही, इंजिनच गाडी धरून ठेवत होतं. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांनी पार्किंगच्या आठाच्या आकड्याऐवजी हे शिकवलं तर निम्म्या गाड्या घाटाखाली जळक्या ब्रेकच्या वासाने थांबलेल्या दिसणार नाहीत.

बण्णारीच्या देवळापाशी एक नेक्सॉन ईव्हीवाला भेटला, म्हैसूरचाच. घाट उतरताना त्याच्या बॅटरीत चार्ज चढला होता आणि तो ते स्क्रीनवर सगळ्यांना दाखवत होता. मला ईव्हीबद्दल राग नाही, हे लिहून ठेवतो. शहरात रोज पन्नास-साठ किलोमीटर, घरी पार्किंगमध्ये पॉइंट, तर ईव्हीच घ्यावी. माझा राग आहे तो स्क्रीनवर. एसीची हवा पायाकडे वळवायला तीन पानं उघडायची? या वळणांवर? एक गोल नॉब द्या, बाकी तुमचा टीव्ही तुम्हालाच लखलाभ. काही कंपन्या आता बटणं परत आणतायत, म्हणजे कुणीतरी ऐकतंय.

काका ईव्हीभोवती एक चक्कर मारून आले. पुढचं बॉनेट उघडायला लावलं, आत बघितलं, बंद केलं. “आवाजच नाही. बिघडली तर मिस्त्रीने कान कुठे लावायचा?”

मंगळवार : कोइमतूर

अविनाशी रोडवरचं जीडी कार म्युझियम जी. डी. नायडू चॅरिटीजने 2015 मध्ये सुरू केलं. माझ्या दृष्टीने याची मोठी गोष्ट ही, की गाड्या ‘अमक्या महाराजांची’ म्हणून मांडलेल्या नाहीत. कुठल्या गाडीने तंत्रात काय नवीन आणलं, त्यावर मांडणी आहे. 1886 च्या बेंझच्या तीनचाकीची प्रतिकृती, फोर्ड मॉडेल टी, बीटल. बेंझचं एक सिलिंडर, हजारच्या आतलं सीसी, आणि ताकद एक घोडाही पुरती नाही. मागे आडवं फ्लायव्हील उघडं दिसतं, आणि काकांनी त्याच्याकडे बघून फक्त “बीड” एवढाच शब्द उच्चारला. शुक्रवारची फाउंड्री त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. माझ्याही नाही.

नायडूंबद्दल मराठीत फार लिहिलेलं दिसत नाही. 1893 चा जन्म, शाळा अर्धवट. 1920 मध्ये एक बस घेऊन पोल्लाची-पळणी मार्गावर स्वतः चालवायला सुरुवात, त्यातून यूएमएस ही बस कंपनी. पुढे इलेक्ट्रिक मोटर, रेझर, काय काय. 1952 मध्ये त्यांनी दोन हजार रुपयांची दोन सीटची कार बनवली आणि सरकारने परवाना दिला नाही, असं सांगतात. बरं झालं की वाईट, कोण जाणे. पण त्यानंतर तीस वर्षं आपण अँबॅसिडर आणि फियाटसाठी नंबर लावून बसलो. 2009 मध्ये नॅनो आली तेव्हा परवान्याची अडचण नव्हती, तरी चालली नाही. काकांचा अंदाज: “लाखाची गाडी म्हणून गाजवली, तिथेच फसली. माणूस गाडी घेतो ती शेजाऱ्याला दिसावी म्हणून. सगळ्यात स्वस्त काय म्हणून दाखवणार?” छोटा हत्ती हा मिनी ट्रक मात्र त्याच कंपनीचा, 2005 चा, आणि तो गाजला, कारण तो घेणाऱ्याला शेजाऱ्याचं पडलेलं नव्हतं. हप्ता भरून संध्याकाळी हातात काय उरतं एवढंच बघायचं होतं.

दुपारी चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवेवर गेलो. रेस नव्हती, बाहेरून बघितलं. ज्यांच्या नावाने ट्रॅक आहे त्या एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन टाकून रेसिंगच्या गाड्या बांधल्या. स्वस्तात शिकायला मिळालं तरच देशात रेसर तयार होतील हे त्यांना कळलं होतं. 1995 मध्ये ते अपघातात गेले, ट्रॅक 2003 मध्ये झाला. याच गावचा नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये जॉर्डनकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत टायरच्या वादात चौदा गाड्या बाहेर पडल्या आणि उरलेल्या सहांत तो चौथा आला, पाच गुण मिळाले. ‘सहाच गाड्या होत्या’ असं हिणवणारे बरेच भेटतात. अरे, त्या सहांत तू होतास का?

संध्याकाळी स्पेअर पार्टच्या बाजारातून रूट्सचा विंडटोन हॉर्न घेतला. कोइमतूरची कंपनी, गावातूनच घ्यावा म्हणून. काका म्हणाले पुण्यात हाच दहा रुपयांनी स्वस्त मिळाला असता.

बुधवार : परतीला

सेलम, कृष्णगिरी, होसूर. गुळगुळीत रस्ता, सांगण्यासारखं काही नाही. होसूरला अशोक लेलँडच्या कारखान्याच्या आसपास रस्ता नव्या कोऱ्या चासींनी भरला होता. केबिन नसलेल्या, डोक्याला फडकं बांधलेले ड्रायव्हर उघड्यावर बसून त्या बॉडी बांधायला घेऊन चाललेले. काकांनी गाडी कडेला घ्यायला लावली. जन्मभर ज्यांच्याशी स्पर्धा केली त्यांचं इंजिन जवळून बघायची ही संधी होती. चहाला थांबलेल्या एका चासीभोवती ते फिरले, वाकून गिअरबॉक्स बघितला, ड्रायव्हरला खुणांनी काहीतरी विचारलं आणि परत येऊन बसले.

“कसं आहे?”

“वेल्डिंग चांगलं आहे,” काका म्हणाले, आणि थोडं थांबून, “पण हे काकूला सांगू नकोस, ती वाडीत सगळ्यांना सांगेल.”

मी गाडी पुन्हा हायवेवर घेतली. तुमकूरला डिझेल भरायचं होतं.